दाराजवळची खुर्ची

दि. ९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. मेहुण्यांचे मोडलेले हाड जुळत आले असून ते आता कुबडी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातात आणि चहात साखर कमी असल्याची तक्रार करतात, हे वाचून बरे वाटले. तक्रार करण्याइतके बळ आले म्हणजे प्रकृती सुधारली असे खुशाल समजावे. त्यांना तशा अवस्थेत सोडून इकडे येण्याचा विचार करू नकोस. तुझा भुंगा माझ्याकडे आहे आणि व्यवस्थित आहे.

मी फोन न करता पत्र लिहितो याचा तुला राग येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु फोनवर तू रडतेस आणि मी तुझी वाक्ये दुरुस्त करत बसतो. त्यात दोघांचाही वेळ जातो.

भुंग्याच्या अंगावरचे निळे डाग वाढलेले नाहीत. सकाळी हिरड्यांतून रक्त येते, म्हणून दात घासणे सोडून तो गुळण्या करतो. स्टुडिओने त्याला घरूनच काम करण्याची मुभा दिली आहे. माझ्या कपड्यांच्या कपाटात डोके घालून तो त्याच्या त्या घोषणा ध्वनिमुद्रित करतो. कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. शहरातील प्रत्येक बसमध्ये आता त्याचाच आवाज आहे. काल मी बाजारात जाताना तो मला म्हणाला, की चालत्या बसमधून उतरू नये. घरी आल्यावर मी त्याला सांगितले, की ‘चालत्या’ या शब्दानंतर तू नको तिथे थांबतोस. त्यावर तो म्हणाला, “मामा, लोक उतरत नाहीत ना? मग झालं तर.” हे तुझेच उत्तर आहे, फक्त आवाज जाड.

त्याच्या आजाराविषयी तू पुन्हा विचारले आहेस, म्हणून पुन्हा लिहितो. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. भुंग्याच्या हाडांतील ते काम जवळजवळ थांबले आहे. मगज बदलावा, तर जुळणारा दाता मिळत नाही. लाल पेशी बाहेरून देता येतात आणि त्या टिकतात. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट मात्र टिकत नाहीत. (त्यांना बिंबाणू असा सुरेख शब्द आहे, पण तो वाचून तू पत्र बाजूला ठेवशील.) कोणाच्याही दिल्या तरी त्याचे शरीर त्यांना परके ठरवून तासाभरात नष्ट करते. ज्या कंपनीच्या सल्लागार मंडळावर मी आहे, ती मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत प्लेटलेट वाढवते, आणि ज्या खुणेवरून शरीर त्यांना परके ठरवते ती खूणच त्यांच्यावर नसते. आजवर त्या कोणाही माणसाला दिलेल्या नाहीत. पहिल्या चाचणीसाठी जे थोडे रुग्ण निवडले आहेत, त्यांत भुंगा आहे. त्याची निवड इस्पितळाने केली आहे. माझा तीत हात नाही.

तू लिहितेस, “दादा, तू त्या मंडळावर आहेस ना, मग एक शब्द टाक.” वैज्ञानिक सल्लागार मंडळात शब्द टाकण्याची पद्धत नाही. रुग्ण माझा भाचा आहे हे मी रीतसर लेखी कळवले, तेव्हा मला बैठकीतून वगळतील अशी माझी समजूत होती. परंतु आमच्या अध्यक्षबाईंचा एक दंडक आहे. महत्त्वाच्या निर्णयाआधी, ती गोष्ट ज्याला सर्वांत अधिक हवी असेल, त्याने दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि तिच्याविरुद्ध बोलायचे. बाईंचे म्हणणे असे, की कच्चे दुवे त्यालाच ठाऊक असतात, कारण तोच ते स्वतःपासून लपवत असतो. मला त्या म्हणाल्या, “मत द्यायचं नाही. पण खुर्चीत तुम्हीच बसायचं. तुमच्याइतकं हे कोणालाच नकोय, असं बोलून दाखवा.”

तेव्हा या खेपेस मी विरोधक आहे. घाबरू नकोस. हे काम नाटकातील खलनायकासारखे आहे. पडदा पडला की तोही इतरांबरोबर चहा पितो. अहवाल मी बारकाईने वाचला. भाषा गचाळ आहे, विज्ञान चोख आहे. माझे प्रश्न आधी लेखी पाठवावे लागतात, म्हणजे प्रयोगशाळेला उत्तरांची तयारी करता येते. ते प्रश्न मी असे निवडीन, की उत्तर देणाऱ्याला घाम फुटू नये. याहून अधिक स्पष्ट लिहिणे मला शोभणार नाही. तू हुशार आहेस.

मेहुण्यांना नमस्कार. साखर कमीच घाल.

तुझा
दादा


दि. २ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. स्वयंपाकघरातील नळ अखेर दुरुस्त झाला. नळवाल्याने सांगितले, की नळ ठीकच होता, मी तो फार जोराने बंद करत असे. भुंग्याला हे फार आवडले. आठवडाभर मी नळाला हात लावला की तो “हळू हं” म्हणत होता. माझा गुडघा थंडीत दुखतो, एरवी नाही. शेजारणीने मांजर पाळले आहे. ते आमच्या जिन्यावर बसते आणि भुंग्याला त्याला हात लावण्याची मनाई आहे, कारण ओरखडा परवडणार नाही. तेव्हा दोघे समोरासमोर बसून एकमेकांकडे पाहतात.

बैठक झाली. चाचणी पुढे ढकलण्यात आली आहे. इस्पितळाकडून तुला पत्र येईल; त्यात कारण दिलेले नसेल, म्हणून थोडक्यात कळवतो.

प्लेटलेट ज्या पेशींपासून तयार होतात, त्या पेशी अंतिम पिशवीत राहता कामा नयेत. प्लेटलेट वाढत नाहीत, त्या पेशी वाढतात. रुग्णाच्या शरीरात त्यांतील एखादी जरी गेली आणि भलतीकडे वाढत राहिली, तर तिची गाठ होऊ शकते. म्हणून पिशव्या गाळल्या जातात आणि वर किरणांखाली ठेवल्या जातात. उरलेसुरले किरणांनी मरते. या मारण्याची खात्री लहान पिशव्यांवर करून घेण्यात आली होती. रुग्णाला द्यावयाची पिशवी बरीच मोठी आणि जाड असते. तिच्या मधल्या भागापर्यंत किरण तितकेच पोचतात का, असा प्रश्न उपस्थित करण्यात आला. तपासणी करण्यात आली, आणि एक आक्षेप नोंदवला गेला. त्याचे निरसन होऊ शकले नाही. सर्व चाचण्या मोठ्या पिशव्यांवर नव्याने होतील. त्यासाठी पेशींची नवी खेप वाढवावी लागते आणि त्याला काही महिने लागतात.

भुंग्याला बातमी इस्पितळातून समजली. तो म्हणाला, “बरं.” मग कपाटात डोके घालून त्याने एका नव्या रुग्णालयाच्या लिफ्टची घोषणा म्हटली. ती चांगली झाली.

डॉक्टरांनी एक नवे औषध सुरू केले आहे. तसेच शेजारच्या शहरात त्याच्याशी बरीचशी जुळणारी एक दात्री सापडली आहे. तिच्या प्लेटलेट त्याच्या शरीरात दिवसभर तरी टिकतात. बाई शिक्षिका आहेत आणि सुट्टीच्या दिवशी येतात.

तुम्हा उभयतांची प्रकृती कळवावी.

दादा


दि. १५ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझे पत्र काल आले. “दादा, तो शहाणा कोण ते शोधून काढ. त्याच्या घरात कोणी आजारी नसणार. असतं तर तोंड उघडलं नसतं त्यानं. मला त्याचं नाव हवंय, बाकी काही नको.” ही तुझी वाक्ये मी सकाळपासून पुन:पुन्हा वाचतो आहे. त्यांत दुरुस्त करण्यासारखी एकच गोष्ट आहे. त्याच्या घरात आजारी माणूस आहे. जेवण करून तो आत्ता पलीकडच्या खोलीत पडला आहे.

तो शहाणा मी आहे.

मागच्या पत्रात मी प्रश्न ‘उपस्थित करण्यात आला’ असे लिहिले. तो मी उपस्थित केला. आता क्रमाने सांगतो. मंडळातील गोष्टी बाहेर लिहिण्याची मुभा नसते. मी अध्यक्षबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “रुग्णाच्या आईला कळायलाच हवं. नाव तुमचं सांगा, बाकी कोणाचं नको.”

तू शब्द टाकायला सांगितले होतेस. मी तो टाकला होता, धाकटे. प्रश्न निवडताना अवघड ते बाजूला ठेवले. पिशव्यांचा प्रश्न त्यांतला सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत वर घातला. मोठी पिशवी किरणांखाली तपासली का, हे कोणत्याही प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी केले जाते. उत्तर फायलीत तयार असणार, प्रयोगशाळाप्रमुख ते वाचून दाखवणार, मी मान डोलावणार, आणि विरोधकाचे तोंड बंद झाल्याचे सर्वांना दिसणार. माझी योजना अशी होती. तिला लबाडी म्हणावे की नाही, हे तू ठरव. मी त्या वेळी तिला चतुराई म्हटले.

प्रयोगशाळाप्रमुख ही माझीच जुनी विद्यार्थिनी. माझा प्रश्न वाचून तिने फाईल उघडली आणि तिला उत्तर सापडले नाही. एक मोठी पिशवी भरायला कित्येक आठवड्यांचे काम लागते, म्हणून चाचणीसाठी ती फोडायला कोणाचे मन झाले नव्हते. गटातील प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने ती तपासली असेल. मला वाटले, तसेच. तिने मुकाट्याने दोन मोठ्या पिशव्या फोडल्या, किरणांनंतर त्यांच्या मधल्या भागातून नमुने घेतले आणि ते बशांमध्ये वाढवायला ठेवले. एक सोडून सर्व बशा स्वच्छ राहिल्या. त्या एका बशीत पेशींचा एक पुंजका उगवला. त्याचे छायाचित्र तिने स्वतः बैठकीत आणले. लपवले असते तर कोणाला कळले नसते.

आता नीट वाच. तो पुंजका पिशवीतून आला असेलच असे नाही. या बशा ज्या उबवणीच्या कपाटात ठेवतात, त्यातच जिवंत मूळ पेशीही वाढतात. दार उघडताना, बशी हलवताना त्यांतली एखादी इकडे पडू शकते. पेशी त्याच कुळातल्या असल्यामुळे, आली कोठून हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. प्रयोगशाळाप्रमुखाचे मत असे, की ती कपाटातूनच आली. माझेही मत, विचारशील तर, बहुधा तसेच आहे.

चर्चा संपल्यावर अध्यक्षबाईंनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे विचारले, “समाधान झालं?”

‘झाले’ म्हणायचे होते. त्यासाठीच मी तेथे बसलो होतो. सर्वांना ठाऊक होते की रुग्ण माझा आहे आणि मला काय हवे आहे. कोणीही मला दोष दिला नसता. मी “नाही” म्हणालो. ते धैर्याने म्हणालो असे समजू नकोस. आयुष्यभर अर्धवट उत्तरांना मी हेच उत्तर दिले आहे, ते तोंडातून निघून गेले. मग बाईंनी कारण विचारले, आणि कारण सांगताना माझे मलाच पटत गेले. मी बराच वेळ बोललो. चांगले बोललो, असे नंतर दोघांनी सांगितले. त्यांतला एक जण म्हणाला, “तुमच्या भाच्याचं ऐकून वाईट वाटलं.” दोन्ही वाक्ये त्याने एका दमात म्हटली.

परवा प्रयोगशाळाप्रमुख घरी आली. बैठकीचे इतिवृत्त उद्या, सोमवारी, कायम व्हायचे आहे, आणि त्यावर सही होईपर्यंत विरोधकाला आपला आक्षेप मागे घेता येतो. ती म्हणाली, “सर, तुम्ही मागे घेतलात तर दोन रुग्णांवर लगेच सुरुवात करता येईल. पहिला तुमचाच. मी ते कपाट पुन्हा पाहिलं. तिथूनच आलंय ते. माझा भाऊ असता तर मी दिलं असतं.” तिचे डोळे सुजलेले होते. मी म्हणालो, हे लिहून द्या. ती म्हणाली, “लिहायचं तर ‘बहुधा’ असं लिहीन.” मी तिला चहा दिला. तिने तो घेतला नाही.

ती गेल्यावर भुंगा बाहेर आला. भिंती पातळ आहेत, त्याने सगळे ऐकले होते. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. त्याच्या हिरडीत कापूस होता, त्यामुळे बोलणे जरा जड येत होते.

“म्हणजे तुम्ही माझ्याविरुद्ध बोललात आणि जिंकलात?”

मी हो म्हणालो.

“वकिली करायची होती, मामा. उगाच डॉक्टर झालात.”

मी त्याला सगळे सांगितले, तुला सांगितले तसे. सोपा प्रश्न कसा निवडला तेही. तो हसला, मग कापूस सावरला. मी त्याला सरळ विचारले, की आक्षेप मागे घेऊ का. तो म्हणेल तसे करायची माझी तयारी होती. हे मी तुझ्यापाशी लपवत नाही.

त्याने जिन्याच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाला, “रुग्ण दुसऱ्याच कोणाचा तरी भाचा असता, आणि त्याच्या मामानं तुम्हाला हेच विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंत?”

“मागे घेऊ नका, असं.”

“मग मला कशाला विचारता?”

आम्ही जेवलो. ताटे मी उचलली. त्याला काचेची भांडी उचलू देत नाही. हात पुसत परत आलो तर तो तसाच बसला होता. म्हणाला, “आईला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही. मला तिच्याकडे परत जायचंय.” आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, “पण मला हवं होतं हो ते.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो आणि थांबलो. दाबले की डाग उठतो. मग तोच उठला, त्याने माझा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, “उठू दे.”

त्याच्या प्रकृतीविषयी तुला खोटा दिलासा देत नाही. नव्या औषधाचा गुण दिसायला अवकाश आहे. शिक्षिकाबाई येतात, त्यांच्या प्लेटलेटवर तो त्या दिवसापुरता बरा असतो. धोका डोक्यात रक्तस्राव होण्याचा आहे. तो कधीही होऊ शकतो आणि कधीच होणारही नाही. डॉक्टर म्हणतात, जपले तर उन्हाळा निघेल. पुढचे वाक्य ते पूर्ण करत नाहीत, आणि मी त्यांना पूर्ण करायला सांगत नाही. नवी खेप पावसाळ्याच्या सुमारास तयार होईल. मधले अंतर त्याने चालून जायचे आहे. ते अंतर मी घातले आहे, हे मला माहीत आहे. ती पेशी खरोखर कपाटातूनच आलेली असली, तर मी ते विनाकारण घातले. असली की नसली, हे बहुधा कोणालाच कधी कळणार नाही. तुला नाही, मलाही नाही.

मी तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर, चुकलो असे म्हणावे लागेल, आणि तसे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. तू रागावू नकोस असेही लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर त्या माणसाचे तोंड पाहिले नसते. तुला नाव हवे होते, बाकी काही नको होते. नाव तुझ्यापाशी आहे.

मेहुणे आता काठीवर चालतात असे तू लिहिलेस. त्यांची सोय होत असेल तर तू इकडे ये. माझ्यासाठी नव्हे, मी हवा तर त्या दिवसांत दुसरीकडे राहायला जाईन. त्याची खोली दक्षिणेकडची आहे, ऊन येते, आणि त्यात दुसरी खाट मावते. मापून पाहिली आहे.

शेवटची एक गोष्ट. उद्याची बैठक सकाळी आहे, आणि तिला निघण्यापूर्वी मी हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे. टपाल तसेही दुपारी निघते, बैठकीनंतर टाकले असते तरी चालले असते. परंतु या दोन रात्री मी आक्षेप मागे घेण्याचा मजकूर मनात तयार केला आहे, आणि तो फार नेटका झाला आहे. खिशात हे पत्र असेपर्यंत मी तो म्हणू शकेन. पेटीत पडले, की तुला कळलेले असेल की मी काय केले, आणि मग वेगळे काही करता येणार नाही. म्हणून आधी पेटी, मग सभा.

भुंगा उठला आहे. तुला काही सांगायचे आहे का म्हणून विचारले. तो म्हणतो, सांगा की मी जेवलो.

तो जेवला.

तुझा, तू म्हणशील तोवर,
दादा